टर्बो पेट्रोल गाडीचे इंजिन ऑइल: चंद्रपूरच्या उन्हात ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० की गॅरेजवाले सांगतात ते १५डब्ल्यू-४०?

इरई_काठ (चंद्रपूर)

नमस्कार. माझ्या गाडीला १ लिटर क्षमतेचे, तीन सिलिंडरचे, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी यंत्रणा) असलेले टर्बो पेट्रोल इंजिन आहे. मोफत सर्व्हिसिंगची मुदत संपली आहे, वॉरंटी मात्र अजून शिल्लक आहे, आणि यापुढे ऑइल स्वतः विकत घेऊन ओळखीच्या गॅरेजमध्ये बदलून घ्यावे असा विचार आहे. गाडीसोबतच्या पुस्तिकेत तेलाच्या जाडीच्या श्रेणींपैकी ०डब्ल्यू-२० ही पहिली पसंती दिली असून त्याच तक्त्यात ५डब्ल्यू-३० चालेल असेही म्हटले आहे. दोन्हींसाठी ‘एपीआय एसपी किंवा त्यापुढील दर्जा’ (एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एवढीच अट आहे.

गॅरेजवाल्यांचे मत अगदी निराळे आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा ०डब्ल्यू-२० पाण्यासारखे पातळ होईल आणि टर्बो लवकर निकामी होईल. त्यांच्याकडे १५डब्ल्यू-४० ऑइलचे बॅरल असते, तेच ते बहुतेक सर्व गाड्यांत घालतात. बॅरलवर ‘सीआय-४ प्लस’ असे छापलेले मी पाहिले. माणूस प्रामाणिक आणि अनुभवी आहे, त्यामुळे त्यांचे बोलणे सहज बाजूला सारता येत नाही.

माझा वापर असा: रोज घर ते कार्यालय जेमतेम चार किलोमीटर, तेही गर्दीतून आणि धुळीतून, आणि महिन्यातून एखाद्या वेळी नागपूरची फेरी, जी बहुतांशी महामार्गावरून वेगात होते. अशा वापरासाठी आणि अशा हवामानासाठी कोणते ऑइल घ्यावे, आणि डब्यावरील कोणत्या गोष्टी पाहून ते निवडावे, हे जाणकारांनी कारणांसहित सांगावे ही विनंती. केवळ ‘अमुक कंपनीचे घ्या’ एवढ्या उत्तराने माझे समाधान होणार नाही.

वंगणशाळा (मुंबई)

इरई_काठ, वंगण तेलांच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुमच्या गॅरेजवाल्यांच्या सांगण्यात दोन स्वतंत्र प्रश्न एकत्र झाले आहेत. तेल किती जाड असावे हा एक, आणि ते कोणत्या प्रकारच्या इंजिनासाठी बनवलेले असावे हा दुसरा. तुमच्या गाडीच्या बाबतीत दुसरा प्रश्न कितीतरी अधिक महत्त्वाचा आहे, म्हणून तो आधी घेतो.

लहान टर्बो पेट्रोल इंजिनांना एक खास आजार असतो, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून एलएसपीआय (लो-स्पीड प्री-इग्निशन, म्हणजे कमी फेऱ्यांवर वेळेआधीच पेट घेणे) म्हणतात. इंजिन मिनिटाला साधारण १५०० ते २५०० फेऱ्यांवर असताना, खालचा गिअर न टाकता ॲक्सिलरेटर जोरात दाबला की टर्बो भरपूर हवा आत ढकलतो, सिलिंडरमधील दाब वाढतो, आणि पिस्टनच्या कडेला साचलेले ऑइल व पेट्रोल यांच्या मिश्रणाचा एखादा थेंब ज्वलनकक्षात उडून प्लगची ठिणगी पडण्यापूर्वीच पेट घेतो. त्यातून होणारा नॉक (सिलिंडरमधील ठोका) इतका तीव्र असतो की पिस्टनच्या रिंगांमधील कड तुटू शकते किंवा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. या बाबतीत तेलाची जाडी नव्हे, तर त्यातील रसायने निर्णायक ठरतात. इंजिन आतून स्वच्छ राहावे म्हणून तेलात जे डिटर्जंट घालतात, त्यांतील कॅल्शियमच्या संयुगांमुळे असे स्फोट वाढतात, मॅग्नेशियमच्या संयुगांमुळे तसे वाढत नाहीत, आणि झिंक व मॉलिब्डेनम असलेल्या झीजरोधक द्रव्यांमुळे ते कमी होतात, असे चाचण्यांतून दिसून आले. त्यानंतर तेलांचे सूत्रच बदलण्यात आले.

हा बदल डब्यावर कसा वाचायचा ते पाहा. एपीआयचा एसएन हा दर्जा २०१० चा आहे आणि त्यात एलएसपीआयची चाचणी नव्हती. मे २०१८ मध्ये ‘एसएन प्लस’ आला तो केवळ याच कारणासाठी. मे २०२० मध्ये एसपी आला, त्यात ही चाचणी कायम ठेवून टायमिंग चेनच्या (वाल्व्हची उघडझाप जुळवणाऱ्या साखळीच्या) झिजेची नवी चाचणी जोडण्यात आली. या दोन्ही चाचण्या फोर्डच्या २ लिटर टर्बो डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिनावर, म्हणजे तुमच्या इंजिनाच्या मोठ्या भावावरच, घेतल्या जातात. मार्च २०२५ च्या अखेरीस एसक्यू हा दर्जा लागू झाला, त्यात तेल जुने झाल्यावरही एलएसपीआयपासून संरक्षण टिकते का, हे तपासले जाते. एसपी किंवा एसक्यू यांपैकी कोणतेही लिहिलेले असले तरी तुमच्या पुस्तिकेची अट पूर्ण होते.

आता बॅरलकडे येऊ. सीआय-४ प्लस हा डिझेल इंजिनांचा दर्जा आहे. डिझेलची काजळी तेलात तरंगत ठेवणे आणि आम्ल मारणे यासाठी त्यात डिटर्जंट भरपूर असतात, आणि बहुधा ते कॅल्शियमचेच असतात. मालट्रकसाठी ते उत्तम तेल आहे. त्यांपैकी काहींच्या डब्यावर पेट्रोल इंजिनांसाठीचा ‘एसएल’ हा दर्जाही छापलेला आढळतो, परंतु एसएल २००१ चा आहे, तेव्हा या चाचणीचा विचारही झालेला नव्हता. तेव्हा जाडीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी केवळ या एका कारणासाठी ते तेल तुमच्या इंजिनात घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जाडी. बाहेर ४५ अंश असले म्हणजे इंजिनातील तेल त्याच प्रमाणात अधिक तापते, ही समजूत फार पसरलेली आहे. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर यांचे कामच कूलंटचे तापमान ठरलेल्या पट्ट्यात, साधारण ९० ते १०५ अंशांत, ठेवण्याचे असते. तेल त्याच्या आसपास किंवा महामार्गावर त्याहून थोडे वर राहते. हवेचा परिणाम अजिबात होत नाही असे नाही, पण इंजिनावर किती भार आहे याचा परिणाम त्याहून बराच मोठा असतो. दुसरी बाजू अधिक लक्षात घेण्यासारखी आहे. साधारण ५डब्ल्यू-३० तेलाची श्यानता (म्हणजे मोजलेली जाडी) १०० अंशांना १० ते ११ सेंटिस्टोक असते आणि ४० अंशांना ६० ते ७०. म्हणजे मे महिन्याच्या भर दुपारी तुम्ही गाडी सुरू करता तेव्हासुद्धा तेल, ते ज्या जाडीवर काम करण्यासाठी बनवले आहे त्याच्या पाच-सहा पट जाडच असते. १५डब्ल्यू-४० ची श्यानता ४० अंशांना ११० च्या घरात जाते. रोजच्या चार किलोमीटरमध्ये तुमचे तेल पूर्ण तापतच नाही, म्हणून तुमच्या बाबतीत खरी अडचण अतिपातळ तेलाची नसून तापण्याआधीच्या जाड तेलाची आहे.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो, आणि नंतरचा आकडा, म्हणजे २०, ३० किंवा ४० ही श्रेणी, तापलेल्या तेलाची जाडी सांगतो. ०डब्ल्यू तेलाची चाचणी उणे ३५ अंशांना, ५डब्ल्यूची उणे ३० ला आणि १५डब्ल्यूची उणे २० ला होते. चंद्रपुरात यांपैकी काहीच अनुभवाला येणार नाही, हे खरे. तरीही या आकड्याचा आपल्याला अप्रत्यक्ष फायदा असतो. इतक्या थंडीत वाहते राहणारे तेल साध्या खनिज तेलापासून बनवता येत नाही, त्याला उच्च प्रतीचे संश्लेषित मूळ तेल लागते, आणि असे मूळ तेल उष्णतेतही कमी उडते व कमी जळते. बाजारातील बहुतेक १५डब्ल्यू-४० खनिज तेलावर आधारलेली असतात. टर्बोच्या उष्णतेला तोंड देण्यात ती मागे पडतात.

आता उरला ०डब्ल्यू-२० की ५डब्ल्यू-३० हा प्रश्न, आणि त्यासाठी एचटीएचएस हा आकडा समजून घ्यावा लागतो. १५० अंश तापमानाला, दोन पृष्ठभाग अतिशय वेगाने एकमेकांवरून सरकत असताना तेलाचा पातळ थर किती दम धरतो, हे तो सांगतो. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांत नेमकी हीच परिस्थिती असते. २० श्रेणीच्या तेलाला किमान २.६ ची अट आहे, ३० श्रेणीला २.९ ची आणि ५डब्ल्यू-४० ला ३.५ ची. तुमच्या वापरात तेलात थोडे पेट्रोल मिसळणार हे गृहीत धरावे लागते, आणि त्यामुळे हा आकडा आणखी खाली येतो. २.६ पासून सुरुवात करण्यापेक्षा वरून सुरुवात करणे बरे, म्हणून पुस्तिकेने परवानगी दिलेली असताना मी ५डब्ल्यू-३० निवडेन.

त्यातही एक बारकावा आहे, जो दुकानात सहसा कोणी सांगत नाही. सर्व ५डब्ल्यू-३० तेले सारखी नसतात. ज्या डब्यावर आयएलसॅक (अमेरिकी व जपानी गाडी उत्पादकांची समिती) जीएफ-६ए लिहिलेले असते ते तेल इंधन वाचवण्याकडे झुकलेले असते आणि त्याचा एचटीएचएस २.९ ते ३.१ च्या आसपास असतो. ज्या डब्यावर युरोपातील गाडी उत्पादकांच्या संघटनेचा, म्हणजे एसीईएचा, सी-३ हा दर्जा असतो, त्याला श्रेणी ३० चीच असली तरी किमान ३.५ ची अट पाळावी लागते, शिवाय उष्णतेने उडून जाण्याचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आत ठेवावे लागते. एसपीसाठी ही मर्यादा १५ टक्के आहे. उडालेल्या तेलाची वाफ इनटेककडे (इंजिनात हवा जाण्याच्या मार्गाकडे) वळवली जाते, आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल वाल्व्हवरून वाहत नसल्यामुळे तेथे बसलेली काजळी धुऊन निघत नाही, म्हणून हा फरक तुमच्या इंजिनाला महत्त्वाचा आहे. पुस्तिकेची अट एपीआय एसपी एवढीच असेल आणि आयएलसॅकचा आग्रह नसेल, तर ‘एपीआय एसपी’ आणि ‘एसीईए सी-३’ हे दोन्ही एकाच डब्यावर असलेले ५डब्ल्यू-३० शोधा. इंधनाच्या ॲव्हरेजमध्ये किंचित घट होईल, ती मी आनंदाने स्वीकारेन.

उद्यमनगर_कोल्हापूर

वरील माहिती उत्तम आहे. मी गॅरेज चालवतो, त्यामुळे उघडलेल्या टर्बोंमध्ये काय दिसते ते सांगतो.

पेट्रोल गाडीत टर्बाइनवर (टर्बोच्या धुराने फिरणाऱ्या चक्रावर) येणारा धूर ९०० अंशांच्या वर जाऊ शकतो, डिझेलमध्ये तो बराच थंड असतो. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला २ लाखांच्या आसपास फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे तेल एका बारीक पाइपमधून येते. महामार्गावरून वेगात येऊन गाडी लगेच बंद केली की तेलाचा प्रवाह थांबतो, पण टर्बाइनकडची उष्णता दांड्यावर सरकत राहते आणि तेथे अडकलेले तेल जळून त्याचा कठीण कोळसा बनतो. असे वारंवार झाले की पाइप आतून अरुंद होतो आणि टर्बो तेलाअभावी मरतो. माझ्याकडे येणाऱ्या निकामी टर्बोंमध्ये दोष बहुतेक वेळा टर्बोचा नसतो, तेल पोहोचले नाही किंवा घाण तेल पोहोचले हेच कारण निघते. म्हणून नवा टर्बो बसवताना तेलाचा पाइप, त्याच्या बोल्टातील बारीक जाळी आणि तांब्याचे वॉशर बदलल्याशिवाय मी गाडी देत नाही.

तुमच्या इंजिनाच्या टर्बोला बहुधा पाण्याचेही कूलिंग असेल, आजकाल बहुतेक गाड्यांना असते, आणि काहींमध्ये इंजिन बंद झाल्यावरही इलेक्ट्रिक पंप काही वेळ पाणी फिरवत राहतो. त्यामुळे पूर्वीसारखे तीन-चार मिनिटे गाडी उभी करून चालू ठेवण्याची गरज राहिलेली नाही. नागपूरहून परतताना शेवटचा एखादा किलोमीटर शांतपणे, टर्बोवर भार न देता चालवलात तर पुरे आहे. सकाळी मात्र गाडी सुरू केल्याबरोबर ॲक्सिलरेटर दाबू नका. पहिल्या किलोमीटरमध्ये इंजिनाचे फेरे कमी ठेवा, पण इंजिन गुरगुरेल इतका वरचा गिअरही टाकू नका, कारण वर सांगितलेला एलएसपीआयचा धोका तेथेच असतो.

फिल्टरविषयी कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते, तिच्यामुळे गाडी रात्रभर उभी राहिली तरी फिल्टरमधील तेल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भागात) उतरत नाही. स्वस्त फिल्टरमध्ये ती झडप लवकर कडक होते आणि सकाळी टर्बोपर्यंत तेल पोहोचायला उशीर लागतो. महाग ऑइल घालून फिल्टरवर पैसे वाचवणारे ग्राहक मी नेहमी पाहतो, आणि त्यांना मी तसे करू देत नाही.

बनावट मालाविषयीही सावध राहा. मोठ्या कंपन्यांचे रिकामे डबे भंगारातून परत बाजारात जातात. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, सील, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख पाहा, क्यूआर कोड असल्यास तो तपासा, पक्के बिल वॉरंटीसाठी जपून ठेवा, आणि ऑइल ओतून झाल्यावर डब्याला तुमच्या डोळ्यांदेखत भोक पाडायला सांगा. प्रामाणिक गॅरेजवाल्याला याचा राग येणार नाही.

घाटवाट (सातारा)

वंगणशाळा यांच्या एका निष्कर्षाशी मी सहमत नाही, तो आदरपूर्वक मांडतो. ०डब्ल्यू-२० आणि एकूणच पातळ तेलांचा आग्रह इंजिनाच्या आयुष्यासाठी धरला जात नाही, तो ‘कॅफे’ या नावाच्या, कंपनीच्या सर्व गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावरील सरकारी निकषांसाठी धरला जातो. कंपनीला आपल्या सर्व गाड्यांची सरासरी सांभाळायची असते. ग्राहकाला गाडी पुष्कळ वर्षे चालवायची असते. या दोन हेतूंत अंतर आहे. पसरणीचा किंवा आंबेनळीचा घाट भरलेल्या गाडीने चढताना टर्बो सतत भार घेतो, तेलाचे तापमान वर जाते, आणि अशा वेळी मला ३० पेक्षा ४० श्रेणीचे तेल अधिक विश्वासाचे वाटते. पूर्ण संश्लेषित ५डब्ल्यू-४० तेले एपीआय एसपी दर्जात सहज मिळतात, म्हणजे एलएसपीआयचा मुद्दाही निकाली निघतो. इरई_काठ यांच्याकडे घाट नसला तरी उन्हाळ्यातील महामार्ग आहे, आणि तेलात पेट्रोल मिसळून ते पातळ होणारच असेल, तर ४० श्रेणीपासून सुरुवात केल्यास पातळ होऊनही ते ३० श्रेणीत राहील. हे गणित मला अधिक सुरक्षित वाटते.

वंगणशाळा (मुंबई)

घाटवाट, पातळ तेलांमागे इंधनबचतीचे निकष आहेत हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच मी ०डब्ल्यू-२० सुचवले नाही. पेट्रोल मिसळून तेल एक श्रेणी खाली उतरते हा तर्कही योग्य आहे. मतभेद पुढच्या पायरीवर आहे. तुम्हाला ५डब्ल्यू-४० कडून जी सुरक्षितता हवी आहे ती १५० अंशांना हवी आहे, आणि तेथे ५डब्ल्यू-४० ची किमान अट ३.५ आहे. सी-३ दर्जाच्या ५डब्ल्यू-३० ची किमान अटही नेमकी ३.५ च आहे. म्हणजे बेअरिंगला मिळणारे संरक्षण जवळपास तेवढेच, आणि तेल पुस्तिकेने मान्य केलेल्या श्रेणीत राहते. वॉरंटी चालू असताना हा फरक कागदोपत्री फार मोठा ठरतो.

शिवाय ५ आणि ४० यांमधील पल्ला मोठा असल्यामुळे तेलात श्यानता टिकवणारे पॉलिमर अधिक घालावे लागतात, आणि ते इंजिनात दळले जाऊन तुटतात. म्हणून हलक्या प्रतीचे ५डब्ल्यू-४० काही हजार किलोमीटरनंतर अनेकदा ३० श्रेणीतच येऊन बसते. तेलाच्या दाबावर चालणारी वाल्व्ह टायमिंगची यंत्रणाही ठरावीक जाडीच्या तेलासाठी जुळवलेली असते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-४० चा उल्लेख असेल तर घाटासाठी ते निःशंक वापरा, माझा त्याला विरोध नाही. इरई_काठ यांच्या पुस्तिकेत तो नाही.

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

येथील अनुभवावरून एक भर घालतो. जर्मनीत जाणते ग्राहक ऑइल घेताना श्रेणीच्या आधी गाडीच्या उत्पादकाची मान्यता पाहतात. फोक्सवॅगनचे ५०४ ०० आणि ५०८ ०० हे दोन मान्यता-क्रमांक त्याचे चांगले उदाहरण आहेत. ५०४ ०० च्या तेलाचा एचटीएचएस ३.५ च्या वर असतो. ५०८ ०० हे ०डब्ल्यू-२० तेल असून ते चटकन ओळखता यावे म्हणून त्याला हिरवा रंग दिलेला असतो. ज्या इंजिनांसाठी ५०८ ०० नेमून दिलेले नाही त्यांत ते घालू नये अशी कंपनीची स्पष्ट सूचना आहे. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन टर्बो पेट्रोल इंजिनांना वेगवेगळी तेले लागू शकतात, आणि ‘टर्बो पेट्रोलसाठी सर्वांत चांगले ऑइल कोणते’ या प्रश्नाला एकच उत्तर असू शकत नाही.

डब्याच्या मागील बाजूचा मजकूर नीट वाचावा. ‘मान्यताप्राप्त’ असे लिहिलेले असेल तर त्या उत्पादकाने त्या तेलाला लेखी मंजुरी दिलेली असते. ‘निकषांची पूर्तता करते’ किंवा ‘यासाठी योग्य’ असे लिहिलेले असेल तर तो केवळ तेल बनवणाऱ्याचा दावा असतो. दुसऱ्या प्रकारचे तेल वाईटच असते असे नाही, पण वॉरंटीचा वाद निर्माण झाला तर पहिल्या प्रकाराचेच वजन असते.

आणखी एक गोष्ट इरई_काठ यांनी आपल्या गाडीबाबत अवश्य तपासावी. काही लहान टर्बो इंजिनांत टायमिंग बेल्ट तेलातच भिजलेला फिरतो. फोर्डचे १ लिटर इकोबूस्ट, जे भारतात इकोस्पोर्टमध्ये मिळत होते, आणि युरोपातील प्युजो-सिट्रोएनचे १.२ लिटर प्युअरटेक ही त्याची माहितीतील उदाहरणे आहेत. अशा इंजिनात तेलातील पेट्रोलमुळे किंवा चुकीच्या रसायनांमुळे बेल्टचे रबर फुगते, त्याचे कण सुटतात आणि चेंबरमधील जाळीत अडकून तेलाचा दाब घटवतात. तेथे नेमून दिलेल्या तेलाखेरीज दुसरे कोणतेही तेल, कितीही महाग असले तरी, चालत नाही. तुमच्या इंजिनाला चेन असेल तर ही चिंता नाही. चेनच्या झिजेसाठी एसपी दर्जातील चाचणी आहेच.

इरई_काठ (चंद्रपूर)

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या इंजिनाला चेन आहे, हे पुस्तिकेवरून तपासले. पुस्तिकेत आयएलसॅकचा उल्लेख नाही, त्यामुळे एपीआय एसपी आणि एसीईए सी-३ हे दोन्ही दर्जे असलेले ५डब्ल्यू-३० घ्यायचे ठरवले आहे. गॅरेजवाल्यांनाही मी हे सर्व वाचून दाखवले. डिझेलच्या दर्जाचा मुद्दा त्यांना पटला, आणि मी आणलेले ऑइल घालण्यास ते तयार आहेत.

आता दोन शंका उरल्या आहेत. पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष अशी मुदत आहे. माझ्या वापरात वर्षभरात १०,००० किलोमीटर होतच नाहीत, तेव्हा एका वर्षाने बदलणे पुरेसे आहे का? दुसरे असे की पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्याचा ऑइलवर काही परिणाम होतो का? ऑइलमध्ये घालायची जी टॉनिकांसारखी द्रव्ये दुकानात मिळतात ती घ्यावीत का, हेही सांगावे.

वंगणशाळा (मुंबई)

टॉनिकांचे आधी सांगतो, कारण उत्तर लहान आहे: घालू नका. तेलातील द्रव्यांचे परस्पर प्रमाण चाचण्यांनी ठरवलेले असते, वरून काही ओतले की ते बिघडते, आणि एसपी दर्जाची हमी त्या क्षणी संपते.

मुदतीबद्दल पुस्तिकेत मागे कोठेतरी ‘कठीण परिस्थितीतील वापर’ अशा अर्थाचा तक्ता असेल, तो काढून वाचा. वारंवार छोटे अंतर, धूळ, संथ वाहतूक आणि तीव्र उष्णता यांचा त्यात समावेश असतो, आणि तेथे मुदत बहुधा निम्मी केलेली असते. तुमच्या वापरात या चारही गोष्टी आहेत. चंद्रपूरच्या हवेतील कोळशाची आणि सिमेंटची धूळ पाहता एअर फिल्टरलाही तोच नियम लावा, कारण त्यातून निसटलेली बारीक धूळ थेट तेलात जाते आणि बेअरिंग घासते. म्हणून ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदला, असे मी सांगेन. मध्यम किमतीचे योग्य दर्जाचे तेल वेळेवर बदलणे हे अतिमहाग तेल वर्षभर ठेवण्यापेक्षा तुमच्या इंजिनासाठी नक्कीच अधिक हिताचे आहे.

इथेनॉलविषयी. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये थंड इंजिनात इंधनाचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवर बसतो आणि रिंगांवरून चेंबरमध्ये उतरतो. इथेनॉलमध्ये प्रत्येक लिटरमागे ऊर्जा कमी असल्यामुळे इंजिनाला थोडे अधिक इंधन फवारावे लागते, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवते. छोट्या फेऱ्यांत तेल तापत नाही, त्यामुळे ते पाणी व इंधन बाहेर पडत नाही आणि ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पांढरट लोण्यासारखा थर दिसू लागतो. उपाय सोपा आहे. इथेनॉल ७८ अंशांना उकळते आणि पाणी १०० अंशांना, त्यामुळे तेल एकदा नीट तापले की हे दोन्ही वाफ होऊन निघून जातात. पेट्रोलमधील जड भाग मात्र २०० अंशांच्या आसपास उकळणारा असतो. तो सावकाश कमी होतो, आणि काही प्रमाणात तेलातच राहतो, म्हणून मुदत कमी ठेवावी लागते. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे तेलही तापले असे समजू नका, तेलाला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. दर आठवड्याला एकदा, शक्य झाल्यास मोकळ्या रस्त्यावर, अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवा. बल्लारपूरपर्यंत जाऊन येण्याऐवजी थोडे आणखी पुढे जाऊन परत आलात तर अधिक चांगले.

उद्यमनगर_कोल्हापूर

ऑइल बदलण्याच्या दिवशी काय पाहायचे तेवढे सांगतो. गाडी थोडी चालवून आणा, म्हणजे तेल कोमट होऊन घाणीसह पूर्ण उतरेल. ड्रेन नटचा वॉशर नवा लावायला सांगा. पुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा पाव लिटर कमी ओता, इंजिन एखादे मिनिट चालू ठेवा, बंद करून दहा मिनिटे थांबा, आणि मग सपाट जागेवर डिपस्टिक पाहून उरलेले थोडे थोडे घाला. वरच्या खुणेच्या पुढे तेल जाऊ देऊ नका. टर्बो गाडीत जास्तीचे तेल वाफेच्या नळीवाटे इनटेकमध्ये आणि इंटरकूलरमध्ये जाऊन बसते.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, डिपस्टिक पाहण्याची सवय ठेवा आणि पातळी लिहून ठेवा. पातळी थोडी उतरली तर त्याच श्रेणीचे व त्याच दर्जाचे तेल घालून ती भरून काढता येते, म्हणून उरलेला डबा झाकण घट्ट लावून ठेवा. पातळी उलट वर चढत असेल आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर किलोमीटर कितीही झालेले असोत, तेल आणि फिल्टर दोन्ही लगेच बदला, आणि इंजेक्टर तपासून घ्या.